लोकलच्या तारेचं दुसरं टोक

शहरातल्या वाहतुकीचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण शहरातच उभं राहून सांगतो. पहिली ट्राम कधी आली, पहिली लोकल कुठून कुठे धावली, तिकीट किती होतं. आज आपण मुळशी तालुक्यात, पौडला जमलो आहोत. तेव्हा हा इतिहास उलट्या बाजूनं, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाकडून बघू.

पण सुरुवात करू या ती फार लांबून, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरापासून. तिथे का जायचं ते लगेच कळेल. 1904 साली पारनेरचा एक तरुण शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला तिथे गेला. त्याचं नाव पांडुरंग महादेव बापट. पुढे त्यांनाच आपण सेनापती बापट म्हणू लागलो. त्या काळचं एडिंबरा हे केबल ट्रामचं शहर होतं. रस्त्याखाली एक चर, त्या चरातून अखंड सरकणारा पोलादी दोर, आणि तो दोर चिमट्यात धरून पुढे जाणारी ट्राम. दोर ओढायला वाफेची इंजिनं होती, आणि ती श्रबहिल, टॉलक्रॉस अशा शहरातल्याच वस्त्यांमध्ये होती. म्हणजे गाडी कशावर चालते हे बघायला फार लांब जावं लागत नव्हतं. धूर शहराचा, आवाज शहराचा, आणि दोर अडकला तर खोळंबाही शहराचाच.

शेजारच्या लीथ गावानं 1905 मध्ये विजेच्या ट्राम सुरू केल्या. एडिंबरा मात्र दोरालाच धरून राहिलं. त्यामुळे पिलरिगच्या हद्दीवर उतारूला एका ट्राममधून उतरून दुसरीत चढावं लागे. हा घोळ 1922 पर्यंत चालला. लोक त्याची थट्टा करत. आपण एवढंच लक्षात ठेवू की वाहतुकीत हद्द आली की कोणाला तरी उतरावं लागतं.

आता विजेनं नेमकं काय बदललं? वेग वाढला, धूर गेला, हे तर झालंच. पण एक मोठी गोष्ट आपण सहसा बोलत नाही. दोर काही मैलच ओढता येतो, तार मात्र डोंगर ओलांडून नेता येते. गाडी इथे आणि तिला चालवणारी शक्ती शंभर किलोमीटरवर, हे शक्य झालं. म्हणजेच प्रवासाची किंमत प्रवाशाच्या नजरेआड ठेवता येऊ लागली.

मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 ला सुरू झाली आणि विजेची 7 मे 1907 ला. गिरण्या मात्र कोळशावर चालत, आणि तो कोळसा दूर बंगालकडून यायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो. ते पाणी अडवून कोकणात सोडलं तर वीज मिळेल, या कल्पनेवर टाटांनी तीन योजना उभ्या केल्या. खोपोलीचं वीजकेंद्र 1915 मध्ये, भिवपुरीचं 1922 मध्ये, आणि तिसरं भिरा इथलं, 1927 मध्ये. हे तिसरं म्हणजे आपलं मुळशीचं पाणी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधलं. जे पाणी पूर्वेला पुण्याकडे, तिथून भीमेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जायचं, ते पश्चिमेला वळवलं. सुमारे 500 मीटर खाली पडून ते टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. नदीनं दिशाच बदलली म्हणा ना.

आता लोकलकडे येऊ. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी हार्बर मार्गानं धावली. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवलं. जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गही विजेवर आला. उपनगरी गाडीला वीजच का हवी? कारण ती दर दोन-तीन मिनिटांनी थांबते. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, विजेची गाडी झटकन उचलते. शिवाय शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवायची कटकट नाही. त्यामुळे त्याच रुळांवर जास्त गाड्या सोडता येतात. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड दादर-अंधेरीला, हे जमू लागलं ते यामुळे.

इथे एक खुलासा करायला हवा. पहिली लोकल मुळशीच्या विजेवर धावली असं काही जण उत्साहानं सांगतात. ते बरोबर नाही. फेब्रुवारी 1925 मध्ये मुळशीचं धरण पुरंच झालं नव्हतं. जीआयपी रेल्वेनं नंतर ठाकुर्लीला कोळशावरचं आपलं केंद्रही उभारलं. पण 1927 नंतर खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तिन्हींची वीज मुंबईच्या दिशेनं जाऊ लागली. गिरण्या, ट्राम आणि उपनगरी रेल्वे ही तिची मोठी गिऱ्हाइकं होती. एवढं म्हटलं तरी पुरे आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

आणि या टोकाला काय चाललं होतं? 16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. बुडणार होती ती भाताची खाचरं, आणि त्यांच्याबरोबर घरं आणि देवळंही. बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा पाठिंबा होता, पण सगळ्यांचं हित एक नव्हतं. बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला हवा होता, कसणाऱ्याला जमीन हवी होती. हा पेच राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात नीट उलगडला आहे. चळवळ हळूहळू विस्कटली. डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी बांधकामाच्या रुळांवर दगड रचून गाडी अडवली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

जरा थांबून बघा. डिसेंबर 1924 मध्ये मुळशीत एक गाडी अडवली जाते, आणि फेब्रुवारी 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी सुटते. मध्ये दोन महिने आहेत. बापट यंत्रांना घाबरणारे नव्हते, ते इंजिनिअरिंग शिकलेले होते. त्यांचा प्रश्न यंत्र हवं की नको हा नव्हता. ते ज्याच्या जमिनीवर उभं राहणार, त्याला कोणी विचारलं का, हा होता.

पाणी चढलं तसे गावांतले लोक डोंगराच्या कडेला सरकले. गावागावांतल्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. पूर्वी खोऱ्यातून सरळ चालत जायचं ते समोरचं गाव, आता तलावाला वळसा घालून. शहरासाठी अंतर कमी झालं आणि इथे वाढलं. पिलरिगला उतारू उतरला तर समोर दुसरी ट्राम उभी असे. इथे उतरलेल्यांसाठी पुढे काही उभं नव्हतं. एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली तीच मुळी 1 जून 1948 ला.

हे सगळं जुनं म्हणून सोडून द्यावं का? आपल्याच तालुक्यातल्या माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोची मार्गिका आखली गेली, 23 स्टेशनांची. 2018 च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं. ते काम टाटा आणि सीमेन्स यांच्या समूहाकडे गेलं. सीमेन्स म्हणजे 1881 साली बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला विजेची पहिली ट्राम चालवणारी कंपनी. इतिहास असा फिरून दारात येतो. मेट्रोला आपला विरोध असायचं कारण नाही, ती हवीच. पण ताम्हिणीकडून येणारी बस त्या स्टेशनाला कितीला पोचेल, आणि संध्याकाळी परतीची शेवटची गाडी मिळेल का, हे आज विचारायला हवं. शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारायचा राहिला, तो हाच आहे.

शेवटी एक विनंती. तलावाखाली गेलेल्या वाटांची नावं अजून काही घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतील. लोकलचं वेळापत्रक छापलेलं असतं, तसं या वाटांचं कुठेच नाही. घरी गेल्यावर विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊन पुढच्या वेळी या, आपण नकाशा काढायला बसू.