पांढऱ्या पायांचा ठोकताळा

नांदेड-लातूर भागात कारवान जातीची शिकारी कुत्री हौसेने पाळतात. मुदखेडसारख्या गावी कुत्र्याला लूत लागली, तर आयव्हरमेक्टिन हे औषध वापरले जाते. ते गुणकारी आहे. पण काही कुत्र्यांना तेवढीच मात्रा जीवघेणी ठरते. असे का, हे कळायला शास्त्रज्ञांना जवळजवळ वीस वर्षे लागली.

जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून बनलेले हे औषध १९८१ साली जनावरांसाठी बाजारात आले. लवकरच स्कॉटलंडच्या कॉली या मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री त्याने झोकांड्या खातात, बेशुद्ध पडतात, असे दिसले. कॉलीचे पाय बहुधा पांढरे. म्हणून पशुवैद्यांनी ठोकताळा बांधला : पाय पांढरे, तर औषध नको.

खरे कारण २००१ साली अमेरिकेत कॅटरिना मीली व सहकाऱ्यांनी शोधले. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन असते. पंपाप्रमाणे ते औषध बाहेर फेकते. या कुत्र्यांमध्ये त्याच्या जनुकातील अवघी चार अक्षरे गळाली होती. पंपच नाही, म्हणून औषध मेंदूत साठत होते.

२००४ साली हाच दोष लांब केसांच्या व्हिपेट या शिकारी जातीतही आढळला. ठोकताळा अपुरा ठरला. आता गालाच्या आतून बोळा फिरवून जनुकाची चाचणी करता येते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलेल्या पिल्लाला धोका सर्वांत जास्त. म्हणून संकरित कुत्र्याचे रूप पाहून आपण निर्धास्त राहू नये. त्याचा वंश पशुवैद्याला सांगावा. शंका असल्यास चाचणी करावी, नाहीतर दुसरे औषध मागावे.