शेतातला डंप

आमचं शेत डिचोली तालुक्यात, खाणीच्या डोंगराखाली. पोर्तुगीज अमदानीतच इथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं होतं. एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती उपसायची आणि तिथंच ढीग मारायचा. त्याला आम्ही डंप म्हणायचो. मृगाचा पाऊस लागला की डंप ओहोळात, ओहोळातून शेतात.

गाळ पिठासारखा बारीक. ओला असला की बैल रुतायचे, वाळला की कौलासारखा टणक. ना पाणी मुरे, ना मूळ आत शिरे. आजी चिमूट चोळून हुंगायची. "हिला मातीचा वासच नाय रे!"

खाणवाले वर्षाला भरपाई द्यायचे. ती बुडालेल्या भाताची. गाळ उपसायला कोणी आलं नाही. पुढं मीही त्याच खाणीवर ट्रक लावला, हेही सांगायला हवं. हप्ते होते.

२०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला. एके सकाळी बाबांनी कुदळ घेतली. वीतभर तांबडं खणलं तेव्हा खाली जुनी काळसर माती लागली. काही न बोलता त्यांनी मूठभर उचलली नि माझ्या नाकाशी धरली.