निळा डगला, पिवळी टोपी ते खाकी: मुंबई पोलिसांची वर्दी अशी बदलत गेली

पोलीस म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर खाकी येते. पण मुंबईच्या पोलिसाची जुनी ओळख खाकी नव्हती. गडद निळा पोशाख आणि डोक्यावर लांबूनही उठून दिसणारी पिवळी टोपी, असा त्याचा थाट होता. मग हा रंग का बदलला? आणि मुळात मुंबईला पोलीस मिळाले कधी?

सुरुवात भंडारी पलटणीपासून

मुंबई बेटं ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली तेव्हा इथे चोऱ्यामाऱ्या आणि खलाशांची दंगामस्ती नेहमीची होती. १६६९ मध्ये गव्हर्नर झालेल्या जेराल्ड ऑन्जियरने त्यावर उपाय म्हणून स्थानिक भंडारी तरुणांचं रखवालदार दल उभं केलं. सुमारे ५०० जणांच्या या दलाची ठाणी माहीम, शिवडी आणि शीव इथे होती. मुंबई पोलीस आपला इतिहास याच 'भंडारी मिलिशिया'पासून मोजतात.

पुढच्या शंभर वर्षांत शहर वाढलं, पण पोलिसांची घडी काही नीट बसली नाही. १७७९ मध्ये 'लेफ्टनंट ऑफ पोलीस' हे पद तयार करून त्यावर जेम्स टॉड याची नेमणूक झाली. मात्र पुढे १७९० मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून याच टॉडवर खटला चालला आणि त्याला पदावरून दूर व्हावं लागलं.

वेश पालटून फिरणारा पोलीसप्रमुख

१८५५ मध्ये सूत्रं चार्ल्स फोर्जेटकडे आली. तो भारतातच जन्मलेला होता, इथल्या भाषा सफाईने बोलायचा आणि वेश बदलून वस्त्यांमध्ये फिरायचा. १८५७ च्या उठावाच्या काळात मुंबईतल्या पलटणींमध्ये कट शिजत असल्याचा माग त्याने असाच लपूनछपून काढला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दोन शिपायांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं गेलं. इंग्रजांच्या दृष्टीने फोर्जेट तारणहार ठरला. इथल्या लोकांना मात्र पोलीस नेमके कोणासाठी काम करतात, हे त्या दिवशी दिसलं.

१४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त झाला आणि १८८८ पर्यंत, म्हणजे जवळपास २४ वर्षं, तो त्या पदावर होता. क्रॉफर्ड मार्केटसमोरची मुख्यालयाची दगडी इमारत १८९६ मध्ये वापरात आली. पहिला भारतीय आयुक्त मिळायला मात्र १९४७ उजाडावं लागलं. ते होते जे. एस. भरुचा.

निळा-पिवळा का? आणि खाकी का?

निळा पोशाख ही लंडन पोलिसांचीही खूण होती. सैनिक आणि पोलीस यांत लोकांना फरक कळावा, हा त्यामागचा एक विचार. मुंबईत त्याला पिवळ्या टोपीची जोड मिळाली. गजबजलेल्या बाजारात, घोडागाड्यांच्या गर्दीत शिपाई लगेच ओळखू येई. खाली अर्धी विजार, पायात चपला आणि हातात दंडुका असलेला हा शिपाई जुन्या पोस्टकार्डांवर आणि फोटोंमध्ये दिसतो. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं हा वेश टिकून होता.

खाकीची गोष्ट वेगळी. 'खाक' म्हणजे धूळ, आणि खाकी म्हणजे धुळीच्या रंगाचं. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या 'कोर ऑफ गाइड्स' या पलटणीसाठी हॅरी लम्सडेनने हा रंग आणला. मळ दिसत नाही, उन्हात चालतो आणि कापड रंगवायला स्वस्त पडतं, या सोयींमुळे तो आधी लष्करात आणि मग देशभरच्या पोलिसांत पसरला. मुंबईच्या शिपायाचा निळा-पिवळा वेश जाऊन पुढे फुल पँटसह खाकी आली.

सगळीकडे खाकीच आहे असं मात्र नाही. कोलकाता पोलीस आजही पांढऱ्या गणवेशात दिसतात. मुंबईतही वाहतूक पोलिसांचा शर्ट पांढरा आणि पँट खाकी असते.

वर्दी वाचायची कशी?

- बाहीवर तीन फिती: हवालदार
- खांद्यावर एक तारा आणि लाल-निळी फीत: सहायक उपनिरीक्षक
- दोन तारे आणि लाल-निळी फीत: उपनिरीक्षक
- तीन तारे आणि लाल-निळी फीत: पोलीस निरीक्षक
- तीन तारे, फीत नाही: सहायक आयुक्त
- अशोकस्तंभ आणि तारा: उपायुक्त

छातीवरची नावाची पट्टी यापेक्षाही महत्त्वाची आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही नावाची ओळख ठळक दिसण्याची अट आहे. त्यामुळे अटक करायला आलेल्या पोलिसाचं नाव विचारणं हा उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.

वर्दीच्या आतला माणूस

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. समोर एके-४७ होती. त्यांनी गोळ्या अंगावर घेतल्या, पण बंदुकीची नळी सोडली नाही, आणि कसाब जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या हल्ल्यानंतर पोलिसांची शस्त्रं आणि बुलेटप्रूफ जॅकेटं यांवर उघड चर्चा झाली. राज्याचं 'फोर्स वन' हे कमांडो पथकही त्यानंतरच उभं राहिलं.

रोजच्या ड्युटीचे तासही असाच जुना प्रश्न. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो सुचवला होता एका शिपायानेच.

वर्दी बघून घाबरू नका

वर्दीचा हा दबदबा आता भामटेही वापरतात. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा लावून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं सांगितलं जातं आणि पैसे उकळले जातात. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. खरा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीच्या नावाखाली पैसे खात्यात भरायला सांगत नाही. असा कॉल आला तर तो कापा आणि घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा. लवकर कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

खात्री करायची असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे समोर उभ्या असलेल्या पोलिसाच्या छातीवर नाव लिहिलेलं असतं, ते वाचा.