सिनेमावरचं 'यूए १६+' म्हणजे नेमकं काय?

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जो दाखला दिसतो, तो केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ देतं. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. गोंधळ होतो तो 'यूए'चा. २०२३च्या कायदादुरुस्तीनं त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. पण १६+ लिहिलंय म्हणून १० वर्षांच्या पोराला दारात अडवत नाहीत. न्यायचं की नाही, ते आईबापानं ठरवायचं. 'ए'ला मात्र पालक सोबत असले तरी पोरांना प्रवेश नाही.

मोबाइलवरच्या ओटीटी मालिकांना मंडळाचा दाखला लागतच नाही. वयाचा शिक्का कंपनीच मारते. १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना लॉकची सोय देणं तिला बंधनकारक आहे, पण ते लॉक सेटिंगमध्ये जाऊन आपल्यालाच लावावं लागतं.