मिरे विकतचे, मिरची परसातली

‘डॉक्टर, तिखट पूर्ण बंद करू का?’ पित्त, मूळव्याध, तोंड येणे, रक्तदाब, तक्रार कोणतीही असो, तपासणी संपली की हा प्रश्न येतोच. पथ्यात सगळ्यात आधी बळी जातो तो मिरचीचा. गंमत अशी की, आपल्या आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत मिरची ना पथ्यात आहे, ना कुपथ्यात. चरक-सुश्रुतांच्या काळी ती भारतात नव्हतीच.

त्या काळचे तिखट म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी, म्हणजेच आपला त्रिकटू. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात पक्वान्नांच्या कितीतरी कृती आहेत. त्यांत मिरे, हिंग, आले आहे, मिरची नाही. म्हणजे राजाच्या ताटातही झणझणीतपणा होता, पण तो मिऱ्याचा. आणि मिरे हे पैशाचे काम. त्याचा वेल मलबारच्या पावसाळी, सावलीच्या उतारांवर, दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढतो. तो लावतात फाटे छाटून, आणि पीक हाती यायला तीन-चार वर्षे जातात. आपल्या मसोलीसारख्या ठिकाणच्या कोळ्याने किंवा पाड्यावरच्या वारली कुटुंबाने रोजच्या कालवणासाठी मिरे विकत घ्यायचे म्हटले तर कसे परवडावे?

मिरचीची गोष्ट सुरू होते अटलांटिक महासागरापलीकडे. कोलंबस मिरे शोधायला निघाला होता. त्याला बेटांवर मिळाली ‘आही’ नावाची तिखट फळे, आणि जानेवारी १४९३ मध्ये त्याने रोजनिशीत त्यांची नोंद ‘इथल्या लोकांचे मिरे’ अशी केली. त्याच्या दुसऱ्या सफरीवर दिएगो आल्वारेस चांका नावाचा एक डॉक्टर होता. तिथले लोक जेवणात ही आही घालतात, असे त्यानेही आपल्या पत्रात लिहून ठेवले. आमच्या व्यवसायातल्या माणसाचे लक्ष रोग्याआधी ताटाकडे गेले, याचा मला उगाचच आनंद वाटतो.

तिथून पोर्तुगीज जहाजांनी मिरची गोव्यात आणली. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १५५९ मध्ये दमण गेले, आणि मधली डहाणूची किनारपट्टीही त्यांच्या अमलाखाली आली. डहाणूच्या खाडीकाठचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतला. म्हणजे ज्यांच्या जहाजांतून मिरची देशात आली, त्यांचेच राज्य आपल्या दारात जवळजवळ दोन शतके होते. १५३४ मध्येच गार्सिया दा ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य भारतात आला. पुढे १५६३ मध्ये त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर गोव्यात मोठा ग्रंथ छापला. त्यात मिऱ्यावर प्रकरण आहे, आले आहे, हिंग आहे, आंबासुद्धा आहे. मिरचीवर प्रकरण नाही! वैद्य, व्यापारी आणि कारकून यांची नजर होती मिऱ्याच्या गोणींवर. मिरचीचे बी त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

नावे मात्र सगळे सांगतात. मिऱ्यावरून आपली ‘मिरची’ झाली. कोंकणीत ती ‘मिरसांग’, म्हणजे मिऱ्याची शेंग. जुन्या मुंबई इलाख्यात तिला ‘गोवाई मिरची’ही म्हणत. पुढे ‘गोवाई’ गळून पडले आणि परदेशी पाहुणी घरचीच झाली.

ती इतक्या लवकर घरची झाली ती तिच्या बीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पिकलेल्या मिरचीत डझनावारी बिया असतात. सावलीत वाळवून कोरड्या ठेवल्या तर दोन वर्षे तरी उगवतात. पुरचुंडीत बांधून लेकीबरोबर सासरी पाठवता येतात. पेरल्यापासून तीन महिन्यांच्या आसपास हिरवी मिरची तोडायला मिळते. मिरचीचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून आईसारखी लेक निघते. मळा नको, मांडव नको, सावकार नको. मिरे बाजारातून घरी येत असत. मिरची परसातल्या चार हात जागेतून चुलीपर्यंत येऊ लागली. तिखट हा श्रीमंतांचा मक्ता राहिला नाही, तो असा.

माणसाच्या आधी हे बी पसरवत होते ते पक्षी. मिरचीतला जहाल घटक म्हणजे कॅप्सेसिन. तो बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो. माणसाच्या तोंडात त्याचा भडका उडतो, बुलबुलाला मात्र काहीच जाणवत नाही. दात असलेले प्राणी बी चावून फोडतात. पक्षी ते अख्खे गिळतात आणि दुसरीकडे विष्ठेतून टाकतात. म्हणजे झाडाने दात असलेल्यांना हाकलायची आणि पंख असलेल्यांना बोलवायची सोय केली. कुंपणाच्या कडेला न लावता उगवलेले लवंगी मिरचीचे झाड दिसले, तर ते कोणी लावले हे आता तुमच्या लक्षात येईल.

आता आरोग्याकडे येऊ. १९३०च्या दशकात हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हा शास्त्रज्ञ व्हिटॅमिन सी शुद्ध स्वरूपात भरपूर कसे मिळवावे या विवंचनेत होता. एके रात्री बायकोने ताटात ताजी पाप्रिका मिरची वाढली. ती खायची इच्छा नव्हती, म्हणून तो ती घेऊन प्रयोगशाळेत गेला, असे त्यानेच सांगितले आहे. त्या मिरचीत व्हिटॅमिन सीचे घबाड निघाले. १९३७ चे नोबेल त्याला मिळाले. आपल्या हिरव्या मिरचीतही १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी असते. अर्थात १०० ग्रॅम मिरची कोण खाणार? दोन-तीन मिरच्या, म्हणजे १० ग्रॅम धरा. त्यातून साधारण १० मिलिग्रॅम मिळेल. दिवसाची गरज त्याच्या कितीतरी पट आहे, पण हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही दूर ठेवायला एवढे जवळजवळ पुरते. ज्या ताटात भात किंवा नागलीची भाकरी, मीठ आणि सुकट एवढेच असे, त्या ताटातली ताजी मिरची ही नुसती चव नव्हती. सुक्या लाल तिखटात मात्र हे व्हिटॅमिन फारसे उरत नाही. वाळवण्यात आणि साठवणीत ते जाते.

एक सावधगिरीचा शब्द: मिरचीने रक्त वाढत नाही. अ‍ॅनिमिया लोहाच्या कमतरतेमुळे असेल तर लोहाच्या गोळ्या आणि जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा हा मार्ग.

कॅप्सेसिन हे नाव १८७६ मध्ये जॉन थ्रेश या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. ते झोंबते कसे, हे कळायला १९९७ साल उजाडले. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने आपल्या मज्जातंतूंवरचा टीआरपीव्ही-१ हा ग्राहक शोधला. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता जाणवून देणारा हाच ग्राहक मिरचीनेही चेततो. म्हणजे तोंड ‘भाजले’ असे मेंदूला वाटते, प्रत्यक्षात भाजलेले नसते. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. याच गुणामुळे नागीण बरी झाल्यावर मागे उरणाऱ्या वेदनांसाठी कॅप्सेसिनचे मलम आणि पट्ट्या वापरतात.

मग तिखट बंद करायचे का? पोटातला अल्सर मिरचीने होत नाही. बहुतेक अल्सरांच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. जंतूची बाजू दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. पण ज्यांना छातीत जळजळ होते किंवा गुदद्वाराशी चीर, म्हणजे फिशर आहे, त्यांचा त्रास तिखटाने वाढतो. त्यांनी ते कमी करावे. रक्तदाबाच्या रुग्णाने मिरचीपेक्षा मिरचीच्या लोणच्यातले आणि सांडग्या मिरचीतले मीठ बघावे.

आज वाणगाव परिसरातली मिरची मुंबईच्या बाजारात जाते. ती बहुतेक संकरित वाणांची असते. रोपे ट्रेमध्ये तयार होतात आणि किडीमुळे फवारण्याही होतात. ज्या पिकाचे सगळे बळ घरच्या बीत होते, त्याचे बी दर हंगामाला पाकिटातून विकत येते. व्यापारी शेतीला ते परवडत असेल, पण घरच्या चार झाडांना त्याची गरज नाही.

बी धरायचे तर निरोगी देशी झाडावरची पूर्ण लाल झालेली मिरची घ्या. बिया काढताना हातमोजे घाला. नसतील तर काम झाल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा, आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, भुसभुशीत मातीत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. फार पाणी घातले की कोवळी रोपे बुंध्यापाशी कुजून कोलमडतात. महिना-सव्वा महिन्याने, चार-सहा पाने आली की कुंडीत किंवा वाफ्यात हलवा. खाडीलगतच्या विहिरीचे मचूळ पाणी मिरचीला मानवत नाही, ते टाळा.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी जोर देऊन सांगतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात मिरची लावू नका, त्यात पाणीही भरू नका. आणि पाकिटातल्या गुलाबी किंवा निळ्या बियांवर बुरशीनाशक चोळलेले असते. उरलेले बी मुलांच्या हाती लागेल असे किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. मुलाने ते तोंडात घातले तर पाकीट बरोबर घेऊनच दवाखान्यात या; त्यावरचे नाव वाचून उपचार ठरवता येतात.

बाजारच्या संकरित मिरचीचे बी लावले तरी उगवेल, पण कोणते झाड आखूड मिरची देईल, कोणते लांब, कोणते फिके, याचा भरवसा नाही. दोन वाण शेजारी लावले तर मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात. त्या वर्षीच्या मिरचीत फरक दिसत नाही, तो पुढच्या वर्षीच्या रोपात दिसतो. पाने आकसून वाकडी झालेल्या, म्हणजे चुरडा-मुरडा लागलेल्या झाडाचे बी धरू नका. ज्या झाडाचे बी ठेवायचे, त्याच्या एका फांदीला लाल दोरा बांधा आणि त्या फांदीच्या मिरच्या कोणी तोडणार नाहीत, असे घरात सांगून ठेवा.