शब्दांध मूल व बोलकें पुस्तक

इ. स. १८७७ या एकाच वर्षीं दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें त्या वेळीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. जर्मनींत आडोल्फ कुसमाउल या वैद्यानें वाणीच्या विकारांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत 'शब्दांधत्व' या अर्थाचा एक नवा शब्द योजिला. माणसाची दृष्टि शाबूत, बुद्धि शाबूत, वाचाहि शाबूत. परंतु लिहिलेला शब्द समोर धरला तर त्यास तो उमगत नाहीं, अशा अवस्थेचें हें नांव. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंत टॉमस एडिसन यानें माणसाचा आवाज सांठवून तो पुन्हां ऐकविणारें यंत्र बनविलें. पुढच्या वर्षीं एका मासिकांत त्यानें या यंत्राचे जे निरनिराळे उपयोग सांगितले त्यांत अंधांस वाचून दाखविणारीं पुस्तकें हा एक होता. म्हणजे दुखण्याचें नांव आणि त्यावरील उपाय हीं एकाच सालचीं भावंडें. असें असून त्यांची गांठ पडावयास शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचा इतिहास पाहूं लागलें तर यंत्राची उणीव त्यांत थोडी आढळते. डोळस व हुशार मुलालाहि वाचनाची खरीखुरी अडचण असूं शकते हें कबूल करण्याचीच उणीव फार मोठी होती.

प्रथम शब्दांधत्व हें नांव प्रौढ रोग्यांपुरतेंच होतें. मेंदूस इजा झाली आणि वाचतां येणारा मनुष्य एकाएकीं निरक्षर झाला, असे ते प्रकार. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं १८९५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत अशाच एका गृहस्थाची हकीकत दिली. हा गृहस्थ भाषा शिकविणारा शिक्षक होता, आणि एके दिवशीं विद्यार्थ्याची वही समोर आली असतां तीवरील एकहि अक्षर त्यास लागेना. (आमच्या धंद्यांतील माणसाला याहून भयंकर स्वप्न पडणें कठीण!) दुसऱ्याच वर्षीं, ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें ससेक्स परगण्यांतील सीफर्ड गांवचे डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचें एक टिपण आलें. आकारानें तें अगदीं लहान आहे. पण त्यांतील रोगी प्रौढ नव्हता आणि त्याच्या मेंदूस कसली इजाहि झालेली नव्हती. तो चौदा वर्षांचा पर्सी नांवाचा मुलगा होता.

पर्सी सुशिक्षित घरांतला, खेळांत चपळ, बोलण्यांत हुशार. सातव्या वर्षापासून त्याच्यामागें शाळा व शिकवण्या लागल्या होत्या. तरी चौदाव्या वर्षीं त्याला सोपीं वाक्येंहि धड वाचतां येत नसत, आणि सांगितलेलें लिहूं लागला म्हणजे बहुतेक प्रत्येक शब्दांतील अक्षरें इकडचीं तिकडे होत. स्वतःचें नांव लिहितांनाहि त्यानें 'र' व त्याच्या शेजारचा स्वर यांची अदलाबदल केली, आणि दोनतीनदां सांगितल्याशिवाय ती चूक त्याच्या ध्यानांत आली नाहीं. याच मुलाला मोठमोठे आंकडे मात्र झरझर वाचतां येत आणि बीजगणितहि येई. डॉक्टरांनीं डोळे तपासले. ते उत्तम होते. टिपणाच्या शेवटीं त्याच्या शिक्षकाचें मत दिलेलें आहे: शिकवणें सगळें तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत पहिला आला असता, असा त्याचा आशय.

मला या टिपणांत डॉक्टरांपेक्षां हा शिक्षक अधिक मोठा वाटतो. डॉक्टरांनीं रोगाचें वर्णन केलें. उपाय शिक्षकानें सांगितला. तोंडी शिकवा, म्हणजे डोळ्याच्या वाटेनें जें ज्ञान आंत जात नाहीं तें कानाच्या वाटेनें जाऊं द्या. त्या वेळीं फोनोग्राफ एकोणीस वर्षांचा झाला होता. तरीहि या दोन गोष्टी कोणीं एकत्र केल्या नाहींत. पुढें हिन्शेलवुड यांनीं १९१७ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेंत सॅम्युएल ऑर्टन यांनीं १९२५ पासून अशा मुलांचा अभ्यास केला आणि अक्षर पाहणें, उच्चारणें व हातानें गिरवणें एकत्र जोडून शिकविण्याची पद्धति त्यांच्या सहकाऱ्यांनीं बसविली. या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. परंतु तिचा सारा रोख मुलास वाचावयास शिकविण्यावर होता. तें साधेपर्यंत चारसहा वर्षें जातात, आणि तेवढ्या अवधींत त्याच्या सोबतचीं मुलें वाचून इतिहास शिकतात, भूगोल शिकतात, पदार्थविज्ञान शिकतात. वाचावयास शिकणें निराळें व वाचून शिकणें निराळें. पहिलें रखडलें म्हणून दुसरेंहि रोखून धरावयाचें काय, हा प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं.

इकडे एडिसनची कल्पना फळास यावयास अर्धें शतक गेलें. त्याच्या यंत्राची नळी कांहीं मिनिटेंच बोले. तेवढ्यांत कादंबरीचें एक प्रकरणहि मावत नसे. पुढें सावकाश फिरणारी व एका बाजूस सुमारें पंधरा मिनिटें बोलणारी तबकडी निघाली, तेव्हां कोठें पुस्तक तबकडीवर आलें. अमेरिकेंत या कामाचे पुढारी रॉबर्ट अर्विन हे स्वतः अंध होते. ३ मार्च १९३१ रोजीं तेथें एक कायदा मंजूर होऊन अंधांच्या पुस्तकांसाठीं वर्षास एक लक्ष डॉलर्स मिळूं लागले, आणि १९३४ पासून तेथील काँग्रेसचें ग्रंथालय बोलकीं पुस्तकें वांटूं लागलें. इंग्लंडांत हा उपक्रम सुरू झाला ७ नोव्हेंबर १९३५ रोजीं. मॉर्गनचें टिपण छापून आल्याला त्या दिवशीं बरोबर एकोणचाळीस वर्षें झालीं होतीं! पर्सी तेव्हां त्रेपन्न वर्षांचा असता. परंतु तीं पुस्तकें त्याच्या वांट्यास आलीं नसतीं, कारण त्याचे डोळे चांगले होते.

कायद्याचा एकेक शब्द दाराच्या कडीसारखा असतो. अमेरिकेच्या त्या कायद्यांत 'अंध' हा शब्द होता आणि 'प्रौढ' हाहि होता; १९५२ सालीं 'प्रौढ' गाळला तेव्हां अंध मुलें आंत आलीं. १९६६ सालीं शारीरिक व्यंगामुळें छापील मजकूर नेहमींच्या रीतीनें वाचतां न येणारांस प्रवेश मिळाला. शब्दांधांस या दारांतून येतां येई, पण अडचण शरीरांतील बिघाडामुळेंच आहे असा डॉक्टरचा दाखला आणल्यावर. अंधत्वाचा दाखला परिचारिका किंवा समाजसेवकहि देऊं शके; शब्दांधत्वास मात्र डॉक्टरच लागे. ज्या शिक्षिकेनें तें मूल रोज पांच तास पाहिलें तिची साक्ष पुरत नसे. ही अट २०२१ सालीं निघाली.

कायद्यापेक्षां लोक पुष्कळदां आधीं शहाणे होतात. १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत अ‍ॅन मॅक्डोनल्ड या बाईंनीं एक काम आरंभिलें. दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांस सरकारी खर्चानें कॉलेजांत जाण्याची सोय झाली होती; पण अभ्यासाचीं पुस्तकें वाचून कोण दाखविणार? बाईंनीं स्वयंसेवक जमविले व पाठ्यपुस्तकें तबकड्यांवर उतरविलीं. या संस्थेच्या नांवांत 'अंधांसाठीं' असा शब्द होता. हळूहळू तिच्या वाचकांत डोळस शब्दांधांची संख्या इतकी वाढली कीं, १९९५ सालीं संस्थेनें त्यांचा उल्लेख नांवांत घातला. यंत्राचीहि कथा अशीच. १३ जानेवारी १९७६ रोजीं रेमंड कुर्झवाइल यांनीं छापील पान आपण होऊन वाचून दाखविणारें यंत्र जगापुढें मांडलें, तें अंधांसाठीं. त्यांच्याच कल्पनेचा पुढील अवतार वीसएक वर्षांनीं शब्दांध विद्यार्थ्यांसाठीं निघाला. त्यांत जो शब्द ऐकूं येतो तोच पडद्यावर रंगानें उजळतो, म्हणजे कान डोळ्याचें बोट धरून त्यास ओळीवरून चालवितो.

आपल्याकडे काय झालें? १९९६ सालीं, म्हणजे मॉर्गनच्या टिपणानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, महाराष्ट्र सरकारनें अध्ययन-अक्षम मुलांस परीक्षेंत सवलती दिल्या: जास्त वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, जरूर तेथें लेखनिक. त्याच वर्षीं मुंबईंत पालकांनीं व तज्ज्ञांनीं मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था काढली. २०१२ सालीं ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन अपंगांसाठीं पुस्तकांचें रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली. २०१३ सालीं मोरोक्कोंतील माराकेश येथें याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यांत अंधांच्या बरोबरीनें वाचनाची अक्षमता असलेल्यांचाहि समावेश आहे, आणि त्यास मान्यता देणारें पहिलें राष्ट्र भारत होय. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानें ही अक्षमता व स्वमग्नता हीं दोन्हीं आपल्या यादींत घेतलीं, आणि कामाच्या जागींहि माणसास वाजवी सोय दिली पाहिजे हें मान्य केलें. कचेरींत आलेला लांबलचक खलिता डोळ्यांनीं न वाचतां कानांनीं ऐकणारा कारकून कामचुकार नव्हे, हें आतां कायद्यास कळतें. वरिष्ठांस कळतें कीं नाहीं तें ज्यानें त्यानें आपल्या कचेरींत पाहावें.

वर मीं 'दुखणें' हा शब्द वापरला तो सोयीसाठीं. १९९८ पासून 'न्यूरोडायव्हर्सिटी' असा एक शब्द प्रचारांत आला आहे. माणसांचे मेंदू घडणीनेंच भिन्न असतात, त्यांतील प्रत्येक भिन्नता रोग नव्हे, असा त्याचा भाव. शब्द नवा असला तरी कल्पना आपणांस अगदींच परकी वाटूं नये. आपल्या घरांतून पोथी वाचणारा एक असे व ऐकणारे पन्नास असत; त्या पन्नासांस कोणीं अडाणी म्हणून हिणविलें नाहीं, उलट नवविधा भक्तींत श्रवणाला पहिला मान दिला. मात्र याचा उगाच अभिमानहि धरूं नये. शाळा आली, ऱ्हस्वदीर्घाची तांबडी शाई आली, आणि तेंच ऐकणारें मूल आपण 'ढ' ठरविलें.

हें मी दुसऱ्यांविषयीं बोलत नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा शेवटच्या बांकावर बसे. पानिपतावर एकदां चर्चा निघाली असतां भाऊसाहेबांच्या छावणीची रसद कशी तुटली आणि लढाईपूर्वींच उपासमारीनें सैन्य कसें खचलें, हें त्यानें इतक्या नीट क्रमानें सांगितलें कीं मलाच कांहीं मुद्दे टिपून घ्यावेसे वाटले. सहामाहीची त्याची उत्तरपत्रिका आली तेव्हां तींत 'पानिपत' हा शब्द चार ठिकाणीं 'पानितप' असा होता, वेलांट्या भलत्या अक्षरांना, जोडाक्षरें फुटलेलीं. हा आळस आहे असें मीं ठरविलें. इतकेंच नव्हे, तर त्यांतलीं दोन वाक्यें जशीं लिहिलीं होतीं तशींच वर्गांत वाचून दाखविलीं. हंशा पिकला. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा परत आला नाहीं. त्या वेळीं सवलतींचा निर्णय होऊन कांहीं वर्षें लोटलीं होतीं. तो मला ठाऊक नव्हता असें नाहीं. तो माझ्या वर्गांतील कोणाला तरी लागू असेल हें माझ्या मनांत आलें नाहीं. पर्सीची हकीकत पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आली. त्यांतील नांवाच्या चुकीपाशीं आल्यावर मला तें टिपण पुढें वाचवलें नाहीं.

ऐकून शिकणें ही लबाडी आहे असें म्हणणारे शिक्षक अजून भेटतात, आणि यंत्र हातीं दिलें कीं मूल वाचावयाचें कायमचें सोडील अशी भीति पालकांसहि वाटते. ही भीति सर्वस्वीं निराधार नाहीं. अक्षरओळखीचे कष्ट यंत्रानें चुकत नाहींत. ते शिक्षकानें व मुलानें करावेच लागतात. पण ते करीत असतां इतर विद्या बंद ठेवण्याचें कारण नाहीं. मराठीपुरती आणखी एक अडचण होती. रोमन लिपींतील अक्षरें सुटीं असल्यामुळें यंत्रास तीं आधीं ओळखतां आलीं. आपली अक्षरें शिरोरेघेला लटकलेलीं, तीं वेगळीं करून ओळखणें यंत्रास जड गेलें. आतां साधा फोनहि छापील मराठी बऱ्यापैकीं वाचतो. माझ्यासारख्याचें हस्ताक्षर मात्र त्यास अद्याप लागत नाहीं.

हें मला एका विद्यार्थिनीनें सांगितलें. गेल्या जूनमध्यें ती माझीं टिपणें घेऊन आली व, सर, हीं टाइप करून द्याल का, म्हणजे फोन मला वाचून दाखवील, असें म्हणाली. पन्नाशी उलटल्यावर मराठी टंकलेखन शिकणें सुखाचें नाहीं. पहिल्या महिन्यांत दोन पानांस माझी एकेक संध्याकाळ गेली. पानिपताचें टिपण दिल्यानंतर दोन दिवसांनीं ती पुन्हां आली. तिसऱ्या पानावर एकच वाक्य दोनदां आलें आहे, असें तिचें म्हणणें होतें. मीं तें पान दोन वेळां तपासलें होतें. पाहिलें तों वाक्य खरोखरच दोनदां होतें. मीं एक खोडून तिला नवी प्रत दिली.