रुग्णाचे समाधान : प्रश्नावलीपासून जनसुनवाईपर्यंत

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता साधनसामग्री, प्रत्यक्ष उपचारप्रक्रिया आणि उपचारांचे फलित या तीन अंगांनी तपासावी, अशी मांडणी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली अमेरिकेत केली आणि रुग्णाचे समाधान हेही फलिताचेच अंग मानले. पुढे समाधानाच्या प्रश्नावल्या रूढ झाल्या, पण ‘आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाचे उत्तर सेवेइतकेच अपेक्षेवरही अवलंबून असते. ज्याने सरकारी दवाखान्याकडून कधी फारशी अपेक्षाच ठेवलेली नाही, तो केसपेपर हातात धरून अर्धा दिवस ताटकळला तरी ‘बरं आहे’ असेच सांगतो. म्हणून समाधानाऐवजी अनुभव विचारला जाऊ लागला. अमेरिकेत २००६ पासून राष्ट्रीय पातळीवर चालणाऱ्या रुग्णालय-सर्वेक्षणात परिचारिकांनी रुग्णाचे म्हणणे किती वेळा लक्षपूर्वक ऐकले, हे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतच्या चार पर्यायांतून नोंदवले जाते.

महाराष्ट्रात याच काळात घडलेला प्रयोग मात्र अधिक धाडसी होता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’, म्हणजे सेवा घेणाऱ्यांनीच सेवेवर लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली. नर्सबाई गावात नियमित येतात का, केंद्रात औषध नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी दिली जाते का, मोफत सेवेसाठी पैसे मागितले जातात का, असे पडताळून पाहता येणारे प्रश्न गावबैठकीत विचारले जात, आणि उत्तरांनुसार एका तक्त्यात चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा व वाईटला लाल रंग दिला जाई, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता येई.

या नोंदी पुढे जनसुनवाईत, म्हणजे गावकऱ्यांसमोरच्या जाहीर सुनावणीत, मांडल्या जात. २०१६ पासून ‘मेरा अस्पताल’ या केंद्र सरकारच्या उपक्रमात रुग्ण मोबाइलवरून आपले मत नोंदवू शकतो, परंतु त्याचे म्हणणे तिथे इतर हजारोंच्या आकड्यांत मिसळते. जनसुनवाईत मात्र बाहेरची चिठ्ठी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आरोग्य अधिकाऱ्याने गावकऱ्यांसमक्ष उत्तर देणे अपेक्षित असे, आणि दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, हे पुढच्या सुनवाईत पुन्हा विचारता येत असे.